परळ, खारघर आणि रोज बदलणारे शरीर

रत्नागिरी जिल्ह्यात एखाद्या घरी कर्करोगाचे निदान झाले की रोगाचे नाव सहसा उच्चारले जात नाही. ‘टाटाला न्यायचंय,’ एवढेच बोलले जाते आणि वाडीला काय ते कळते. राजापूर असो, संगमेश्वर असो की दापोली, ‘टाटा’ म्हणजे परळचे टाटा स्मारक रुग्णालय. आपल्या जिल्ह्यातील आरोग्यसेवेचा मागोवा घेणाऱ्या या स्मरणिकेत मुंबईच्या संस्थेचा इतिहास कशाला, असे कोणी विचारू शकेल. पण ज्या संस्थेच्या आवारात आपली माणसे महिना-दीड महिना रोज रांगेत बसतात तिला परकी कशी म्हणावी? पूर्वी आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरून, मग एस.टी.ने, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग खुला झाल्यापासून गाडीने, कोकणातून तिकडची ये-जा चालूच आहे.

संस्थेचा सगळा इतिहास येथे सांगायचा नाही. शस्त्रक्रिया, औषधोपचार, प्रयोगशाळा यांवर इतरांनी पुष्कळ लिहिले आहे. ज्याला आपल्याकडे ‘लाईट देणे’ किंवा ‘शेक देणे’ म्हणतात त्या किरणोपचाराचा, आणि त्यातल्याही एका धाग्याचा हा इतिहास आहे. किरण नेमका कुठे पडतो आहे हे पाहायला, आणि पाहून उपचार बदलायला, ही संस्था कशी शिकली, एवढेच येथे सांगायचे आहे. नव्या यंत्राच्या उद्घाटनाची छायाचित्रे सगळीकडे छापून येतात. मला मात्र यंत्राच्या ताकदीपेक्षा त्याच्या शेजारच्या पडद्यावर कोण काय पाहते आणि पाहिल्यावर काय ठरवते, हाच या इतिहासाचा गाभा वाटतो.

सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने परदेशात वारल्या. तिकडे मिळते तशी रेडियमची सोय आपल्या देशात व्हावी, ही दोराबजींची इच्छा होती. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. नवरोजी सकलातवाला आणि नंतर जे. आर. डी. टाटा यांनी तो विषय सोडला नाही. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळला ८० खाटांचे रुग्णालय सुरू झाले. म्हणजे या संस्थेच्या मुळाशीच किरणोपचाराची कल्पना आहे. प्रयोगशाळांची सूत्रे पहिल्यापासून डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. त्यांचा जन्म क्वेट्ट्याचा असला तरी आडनाव वेंगुर्ल्याशेजारच्या खानोलीची आठवण करून देते, आणि वेंगुर्ले त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातच होते, हे आपल्या वाचकांना सांगितल्यावाचून राहवत नाही. तोंडाचा कर्करोग आणि तंबाखूच्या सवयी यांच्यावर त्यांनी केलेले काम आजही मशेरी लावणाऱ्या घरांना लागू पडते.

१९५७ साली रुग्णालय केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाकडे गेले आणि १९६२ साली अणुऊर्जा विभागाकडे. कर्करोगाचे रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे का, असा प्रश्न आजही लोकांना पडतो. किरणांचा उपचारातला वाटा वाढत जाणार हे डॉ. होमी भाभांनी ओळखले होते, हे त्याचे उत्तर. याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. डॉक्टरांच्या बरोबरीने भौतिकशास्त्रज्ञ रुग्णालयात कायमचा आला. तुर्भ्याच्या अणुसंशोधन केंद्रात रेडिओलॉजिकल फिजिक्सचा पदविका अभ्यासक्रमही १९६२ पासूनच चालतो, आणि देशभरच्या किरणोपचार विभागांतले कितीतरी फिजिसिस्ट तेथूनच शिकून बाहेर पडले. रुग्णाला हा माणूस क्वचितच दिसतो. तो तळघरात, संगणकासमोर किंवा मोकळ्या यंत्राखाली पाण्याची टाकी ठेवून मोजमापे घेत असतो. १९६६ मध्ये रुग्णालय आणि कर्करोग संशोधन संस्था एकत्र होऊन टाटा स्मारक केंद्र झाले.

त्या काळातला किरणोपचार कसा होता? रुग्णाला टेबलावर झोपवायचे, क्ष-किरणाचे चित्र काढायचे आणि त्यात दिसणाऱ्या हाडांवरून अंदाज बांधायचा. गाठ त्या चित्रात दिसत नसे. दिसत ती हाडे. म्हणून कातडीवर रंगाच्या रेघा मारल्या जात आणि ‘या पुसू नका, आंघोळ जपून करा’ असे बजावले जाई. समोरून एक आणि मागून एक असे दोन चौकोनी झोत, मध्ये वाचवायच्या भागासाठी शिशाचे ठोकळे. कोबाल्टचे यंत्र आले तेव्हा किरण खोलवर पोचू लागला आणि कातडी कमी भाजू लागली, पण पाहण्याची रीत तीच राहिली. अंदाज चुकू नये म्हणून झोत मोठा ठेवायचा. झोत मोठा म्हणजे आजूबाजूच्या निरोगी अवयवांना जास्त मारा. लाळेच्या ग्रंथी सुकत, आतडी बिघडत, मूत्राशयातून रक्त जाई. रोग बरा झालेल्या कित्येकांनी उरलेले आयुष्य पाण्याची बाटली जवळ ठेवून काढले.

हा खेळ बदलला तो सीटी स्कॅनने. गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमध्ये काढले गेले. पुढे सीटीवर गाठ आणि अवयव एकेका कापात आखून संगणकावर प्लॅन करता येऊ लागला. शिशाच्या ठोकळ्यांऐवजी यंत्राच्या तोंडाशी धातूच्या पातळ पट्ट्या आल्या. त्या पुढे-मागे सरकवून झोताला हवा तो आकार देता येतो आणि झोताच्या आत कुठे किती तीव्रता ठेवायची हेही ठरवता येते. टाटामध्ये या बदलाच्या वर्षांत किरणोपचार विभागाचे नेतृत्व डॉ. केतायुन दिनशॉ यांच्याकडे होते. केंब्रिजला शिकून त्या १९७४ साली परळला आल्या, विभागप्रमुख झाल्या आणि १९९५ मध्ये रुग्णालयाच्या संचालक. त्यांच्या कारकिर्दीत विभाग नव्या तंत्राकडे वळला, पण त्याहून महत्त्वाची एक सवय रुजली. नवे तंत्र आणायचे आणि ते जुन्यापेक्षा खरोखर बरे आहे का, हे आपल्याच रुग्णांवर रीतसर चाचणी घेऊन तपासायचे.

या सवयीचे एक फळ म्हणजे डोके-मानेच्या कर्करोगावरची चाचणी. डॉ. तेजपाल गुप्ता, डॉ. जयप्रकाश अगरवाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६० रुग्णांत जुनी त्रिमितीय पद्धत आणि नवी, तीव्रता बदलत नेणारी पद्धत यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केली. लाळग्रंथींना होणारा मध्यम व तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ८९ टक्के जणांना झाला, नव्या पद्धतीत ५९ टक्के जणांना. रोग आटोक्यात ठेवण्यात दोन्ही गट सारखेच. हे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. ६० हा आकडा लहान वाटेल, पण मुंबईच्या गर्दीत, रोज नव्या फायली येत असताना, एकाच रोगाचे रुग्ण चिठ्ठीने विभागून वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे हे काम सोपे नव्हे. पाठपुराव्याला गावाहून यायचे म्हणजे एका दिवसाची मजुरी जाते आणि दोन रात्री प्रवासात जातात.

नेमका झोत मिळाला आणि एक जुनाच प्रश्न नव्याने समोर आला. सीटी काढली जाते पहिल्या दिवशी. डोके-मानेचा उपचार चालतो साडेसहा-सात आठवडे, रोज साधारण २ ग्रे (ग्रे हे किरणमात्रेचे एकक), एकूण ६६ ते ७० ग्रे. पहिल्या दिवशीचा रुग्ण आणि पाचव्या आठवड्यातला रुग्ण हे एकच शरीर असते का? ज्याने घरात असा उपचार पाहिला आहे त्याला उत्तर ठाऊक आहे. तोंड सोलवटते, गिळता येत नाही, पेज आणि नाकातल्या नळीवर दिवस काढावे लागतात आणि वजन उतरते. गरम पाण्यात मऊ करून चेहऱ्यावर बसवलेला प्लास्टिकचा जाळीदार मास्क पहिल्या दिवशी गालाला घट्ट बसतो. महिन्याने त्यातून बोट जाते. आत गाठही वितळत असते. अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन केंद्रात बार्कर आणि सहकाऱ्यांनी १४ रुग्णांची आठवड्यातून तीनदा सीटी काढून २००४ मध्ये दाखवले की गाठ उपचाराच्या प्रत्येक दिवशी मूळ आकाराच्या सुमारे १.८ टक्क्याने घटते आणि कानापुढच्या लाळग्रंथी आत, मध्यरेषेकडे, सुमारे ३ मिलिमीटर सरकतात. म्हणजे ज्या ग्रंथी वाचवण्यासाठी एवढा नेमका प्लॅन केला, त्याच हळूहळू झोतात शिरतात. झोत मोठा असताना हे खपून जात होते. झोत कोरीव झाला तसे ते खपेना.

उपचार चालू असताना पुन्हा चित्रे काढायची, त्यांतला बदल मोजायचा आणि उरलेल्या दिवसांचा प्लॅन त्याप्रमाणे बदलायचा, ही कल्पना दि यान आणि त्यांच्या अमेरिकी सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये शास्त्रशुद्ध मांडली. ती अमलात आणायला यंत्रालाच डोळे हवे होते. त्यानंतरच्या दशकात लिनॅक या विजेवर चालणाऱ्या किरणयंत्राच्या बाजूला क्ष-किरण नळी आणि पडदा बसवून टेबलावर झोपलेल्या रुग्णाची तिथल्या तिथे सीटी काढण्याची सोय झाली. दुसरा मार्ग टोमोथेरपीचा. त्यात उपचाराचे यंत्रच सीटीसारखे रुग्णाभोवती फिरते आणि उपचाराच्याच किरणाने, अगदी कमी मात्रेत, आधी चित्र काढते. टाटा स्मारक केंद्राने या दुसऱ्या मार्गाचे यंत्र खारघरला आणले.

खारघरचे हे केंद्र, लोक त्याला ‘ॲक्ट्रेक’ म्हणतात, परळच्या गर्दीपासून दूर ६० एकरांवर उभे आहे. परळची संशोधन संस्था २००२ मध्ये तेथे हलली. कोकणातल्या रुग्णाला ते परळपेक्षा सोयीचे, कारण पनवेलला उतरले की जवळच. येथेच २००५ मध्ये ‘भाभाट्रॉन’ हे भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले देशी कोबाल्ट यंत्र पहिल्यांदा बसले. एकाच आवारात कोबाल्टचे देशी यंत्र आणि टोमोथेरपी, ही काहींना विसंगती वाटते. मला ती संस्थेची शहाणीव वाटते. लिनॅकला अखंड वीज, थंडावा आणि सतत देखभाल लागते. कोबाल्टचा स्रोत सव्वापाच वर्षांत निम्मा होतो खरा, पण ते यंत्र वीज गेली तरी रुसून बसत नाही. हाडांत पसरलेल्या रोगाची वेदना थांबवायला एक-दोन दिवसांचा शेक पुरतो. त्याला रोजची सीटी कशाला?

खारघरच्या टोमोथेरपीवर डॉ. वेदांग मूर्ती आणि सहकाऱ्यांनी मूत्राशयाच्या कर्करोगासाठी जे काम केले ते या इतिहासातले माझ्या मते सर्वांत देखणे पान आहे. मूत्राशय हा किरणोपचारवाल्यांना सर्वांत छळणारा अवयव. लघवी करून आला तरी अर्ध्या तासात भरतो, शेजारचे गुदाशय वायूने फुगले की ढकलला जातो, आज लिंबाएवढा तर उद्या नारळाएवढा. पूर्वी सगळ्या शक्यता धरून भोवती भरपूर जागा सोडत, आणि त्या जागेत आतडी येत. मूर्ती यांच्या गटाने पहिल्या दिवशीच्या सीटीवरून एक नव्हे, अनेक प्लॅन तयार ठेवले, मूत्राशयाभोवतीची जागा ५ मिलिमीटरपासून ३० मिलिमीटरपर्यंत पायरीपायरीने वाढवत. शिंप्याने एकाच माणसासाठी सहा मापांचे सदरे शिवून खुंटीला लावावेत आणि रोज सकाळी अंगाला बसेल तो घालावा, तसे. रुग्ण टेबलावर झोपला की आधी चित्र, ते पडद्यावर पाहून त्या दिवशीच्या मूत्राशयाला पुरेसा बसणारा सर्वांत लहान प्लॅन निवडायचा, मग उपचार.

यात नव्या प्लॅनसाठी दोन दिवस थांबावे लागत नाही. गणित आधीच झालेले असते. रोज उरते ती फक्त निवड. आणि ही निवड यंत्रावर बसणाऱ्या टेक्नॉलॉजिस्टला शिकवता येते, दर वेळी डॉक्टरला वरच्या मजल्यावरून बोलवावे लागत नाही. या पद्धतीचा पहिला लेख २०११ मध्ये आला. पुढे ४४ रुग्णांचे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. संपूर्ण मूत्राशयाला ३२ बैठकांत ६४ ग्रे देऊन, गाठीच्या जागी त्याहून थोडी अधिक मात्रा देऊनही, बहुतेकांचे मूत्राशय शाबूत राहिले. एरवी या रोगात मूत्राशय काढून पोटावर पिशवी लावावी लागते. शेतावर किंवा होडीवर काम करणाऱ्या माणसाला त्या पिशवीचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

स्त्रियांच्या बाबतीत संस्थेचा अनुभव आणखी मोठा आहे, कारण गर्भाशयमुखाचा कर्करोग हा दीर्घकाळ तेथे येणाऱ्या स्त्रियांच्या प्रमुख रोगांपैकी एक. डॉ. श्यामकिशोर श्रीवास्तव यांच्या नेतृत्वाखाली बऱ्याच पुढच्या टप्प्यातल्या ८५० स्त्रियांवर एकाच संस्थेत किरणोपचाराला औषधाची जोड देण्याची चाचणी झाली. जगात अशी संख्या एका छताखाली क्वचित जमते. त्या ८५० जणींत किती जणी कोकणातल्या असतील, असा विचार मनात येतोच.

चित्रांच्या दृष्टीने मोलाची ठरली ती डॉ. सुप्रिया चोप्रा यांची ‘पार्सर’ चाचणी. गर्भाशय काढल्यावर ज्यांना किरणोपचार लागतो अशा ३०० स्त्रिया. गर्भाशय गेल्यावर ओटीपोटात जी पोकळी उरते तीत आतडी उतरतात आणि थेट झोताच्या वाटेत येतात. अर्ध्या जणींना जुन्या त्रिमितीय पद्धतीने, अर्ध्या जणींना रोज चित्र पाहून कोरीव झोताने उपचार मिळाले. तीन वर्षांनी पाहिले तर आतड्यांचा मध्यम किंवा त्याहून जास्त त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांत आढळला, नव्या पद्धतीत २१.१ टक्के, म्हणजे निम्मा. रोगावरचे नियंत्रण दोन्हीकडे सारखे. २०२१ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि जगभरच्या किरणोपचारतज्ज्ञांना प्रथमच ठाम पुरावा मिळाला. आतड्यांचा त्रास हा शब्द कागदावर सौम्य दिसतो. लावणीला उभे राहणारी बाई, एस.टी.ने तासभर प्रवास करून बाजारला जाणारी बाई, तिला दिवसातून आठ वेळा शौचाला जावे लागणे म्हणजे घरात कोंडून पडणे. रोज चित्र काढणे ही श्रीमंतांची चैन आहे, असे म्हणणाऱ्यांना या आकड्यांनी उत्तर दिले आणि ते उत्तर परळ-खारघरहून गेले, याचे अप्रूप वाटते.

गर्भाशयमुखासाठी बाहेरून शेक झाल्यावर आतून किरणोपचार करतात. नळ्यांचे साधन आत बसवून त्यातून किरणोत्सर्गी स्रोत काही मिनिटांपुरता फिरवला जातो. १९३८ च्या सुमारास मँचेस्टरला ठरलेल्या पद्धतीत मात्रा मोजायची ती एका ठरीव बिंदूवर, साधनापासून २ सेंटिमीटर बाजूला आणि २ सेंटिमीटर वर. गाठ लहान असो, मोठी असो, डावीकडे झुकलेली असो, बिंदू तोच. जगातल्या सगळ्या स्त्रियांना एकच बिंदू! ही पद्धत कित्येक दशके चालली आणि तिने असंख्य जीव वाचवले, हे मान्य करूनच पुढे जायला हवे. २००५ पासून युरोपातल्या तज्ज्ञांनी एमआरआयवर, साधन आत असतानाच, उरलेली गाठ आखून तिच्या आकाराप्रमाणे मात्रा वळवण्याचे नियम घातले. बाहेरचा शेक संपेपर्यंत गाठ बरीच आकसलेली असते, म्हणून आजची गाठ पाहून आजचा उपचार ठरवायचा. टाटामधून डॉ. उमेश महांतशेट्टी आणि सहकारी या आंतरराष्ट्रीय ‘एम्ब्रेस’ अभ्यासात सामील झाले. २०२१ मध्ये जाहीर झालेल्या त्याच्या निष्कर्षांत १,३४१ स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांत पाच वर्षांनी मूळ जागी रोग परतला नव्हता.

पण दर बैठकीला एमआरआय कोणाला परवडणार? मुंबईतही एमआरआयची रांग लांब, जिल्ह्याच्या ठिकाणी तर बोलायलाच नको. त्याच वर्षी महांतशेट्टी यांच्या पुढाकाराने भारत, युरोप आणि अमेरिका येथील तज्ज्ञसंस्थांनी साध्या सीटीवर गाठ कशी आखावी याचे नियम प्रसिद्ध केले. निदानाच्या वेळी आणि साधन बसवताना डॉक्टरांनी हाताने केलेल्या तपासणीच्या रेखाचित्रांची त्याला जोड द्यायची. युरोपात सुरू झालेली पद्धत इथल्या परिस्थितीला जुळवून तिच्या मर्यादांसह नोंदवून ठेवणे, हे काम मला नव्या यंत्राइतकेच मोठे वाटते.

चित्रे नुसती आकाराची नसतात. परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये २००२ साली देशातले पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाले आणि किरणोत्सर्गी साखर टोचून जिवंत गाठ कुठे आहे हे दाखवणारे पेट स्कॅन मुंबईत होऊ लागले. सीटीवर फुगलेली दिसणारी ग्रंथी रोगाने फुगली की सर्दीने, हे ओळखायला त्याची मदत होते. झोताची हद्द आखताना त्याचा उपयोग उघड आहे. त्याविषयी येथे एवढेच.

या सगळ्यावरून रोज नवे चित्र आणि रोज नवा प्लॅन म्हणजे उत्तम उपचार, असा समज होईल. तो खरा नाही. फ्रान्समध्ये घशाच्या कर्करोगाच्या १३२ रुग्णांत दर आठवड्याला प्लॅन बदलून पाहिला. २०२३ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा सरसकट सगळ्यांचा प्लॅन बदलून लाळेत काही फरक पडला नाही असे दिसले. प्रत्येक चित्रामागे थोडे किरण शरीराला लागतात, प्रत्येक नव्या प्लॅनमागे डॉक्टर आणि फिजिसिस्टचे कित्येक तास जातात, आणि ते तास रांगेतल्या पुढच्या रुग्णाकडून घेतलेले असतात. ज्या विभागात नव्या रुग्णाला यंत्रावर जागा मिळायला वाट पाहावी लागते तेथे हा हिशेब टाळता येत नाही. म्हणून रोजचे चित्र सर्वांना, पण नवा प्लॅन ज्याला खरी गरज त्यालाच, असा मार्ग शहाणपणाचा ठरतो. कोणाला गरज आहे हे ओळखणे हीच यातली विद्या आहे.

अलीकडचे पान प्रोटॉनचे. खारघरचे राष्ट्रीय हॅड्रॉन किरणोपचार केंद्र ११ मे २०२३ रोजी राष्ट्राला अर्पण झाले आणि त्याच वर्षी तेथे रुग्णांवर उपचार सुरू झाले. प्रोटॉन ठरलेल्या खोलीवर जाऊन थांबतो, पलीकडच्या अवयवाला जवळजवळ काहीच लागत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या गाठींत याचे मोल फार. पण या गुणाचीच दुसरी बाजू अशी की वाटेतली चरबी उतरली, नाकाजवळची पोकळी कफाने भरली, तरी थांबण्याची जागा पुढे-मागे होते. क्ष-किरणाच्या झोतात जी चूक थोडी असते ती येथे मोठी होते. म्हणून प्रोटॉनवर असलेल्या रुग्णाची उपचारादरम्यान पुन्हा सीटी काढून प्लॅन तपासणे ही हौस राहत नाही, नियम होतो. यंत्र जितके तिखट, तितके पाहणे अधिक, हे सूत्र १९४१ पासून आजवर खरे ठरत आले आहे.

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू. टाटा स्मारक केंद्राने या शतकाच्या पहिल्या दशकात रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात गावोगाव तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या तपासणीचे काम सुरू केले. त्यात चिपळूण तालुक्यातील डेरवणच्या भक्तश्रेष्ठ कमलाकरपंत लक्ष्मण वालावलकर रुग्णालयाची साथ मिळाली. किरणोपचाराच्या इतिहासात याला जागा आहे, कारण लवकर सापडलेल्या गाठीला झोतही लहान लागतो. केंद्राच्या पुढाकाराने २०१२ साली उभ्या राहिलेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिडमुळे देशभरातली रुग्णालये एकमेकांशी जोडली गेली. सल्ल्यासाठी प्रत्येक वेळी रुग्णालाच मुंबई गाठावी लागू नये, हा त्यामागचा एक हेतू आहे. मात्र पाच-सहा आठवडे रोज एकाच यंत्राखाली जाण्याला दूरचा सल्ला पर्याय नाही, आणि रत्नागिरीहून मुंबई सव्वातीनशे किलोमीटरच्या वर आहे. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा एखाद्या नातेवाइकाच्या चाळीतल्या खोलीत हे आठवडे काढावे लागतात. पैसे संपले, शेतीची कामे आली, गणपती आले म्हणून मध्येच घरी परतणारे असतात. मध्ये पडलेला खंड गाठीला फावतो. त्या अंतराची भरपाई कोणत्याही चित्राने होत नाही.

म्हणून जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी येथे नोंदवतो. जुन्या सगळ्या सीटी आणि एमआरआयच्या सीडी बरोबर न्याव्यात, नुसता अहवालाचा कागद पुरत नाही. खारघरला बोलावले असेल तर पनवेलला उतरावे. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि थर्ड एसीत पूर्ण, तर सोबत्याला ७५ टक्के सवलत मिळते. त्यासाठी रुग्णालयाचा ठरावीक नमुन्यातला दाखला घ्यावा लागतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत किरणोपचार बसतो, तेव्हा शिधापत्रिका आणि आधार सोबत असू द्यावे. ओटीपोटाच्या उपचारात ‘अमुक इतके पाणी पिऊन अमुक वेळ थांबा’ असे सांगतात, ते रोज तंतोतंत पाळावे, कारण पहिल्या दिवशीची सीटी तेवढ्याच भरलेल्या मूत्राशयाची असते. आदल्या दिवशी पोटात वायू धरेल असे काही खाऊ नये. तोंडाचा, घशाचा उपचार असेल तर गिळवत नाही म्हणून गप्प बसू नये, आहारतज्ज्ञाला गाठावे, वजन लिहून ठेवावे. आणि मास्क सैल लागायला लागला, मान आत हलते आहे असे वाटले, तर ‘साहेबांना काय सांगायचं’ म्हणून संकोच न करता त्याच दिवशी, टेबलावर झोपण्यापूर्वी, यंत्रावरच्या टेक्नॉलॉजिस्टला सांगावे. नवी सीटी काढायची की नाही ते तेथले लोक ठरवतील.